सोडून दिलेली शर्यत

गोरेगावच्या जीप-स्टँडवर पंक्चर काढणारा तो माणूस जगज्जेतेपदाच्या मोटार-शर्यतींचे गुण तोंडपाठ सांगतो, तेव्हा मी थक्क होतो. "पहिल्या नंबरला आधी आठ होते, मग नऊ, मग दहा. आता पंचवीस." हात मात्र ट्यूबवरच. "अन् पहिलं समद्या शर्यती धरत न्हवते. वाईट सोडून द्यायचे, चांगल्या तेवढ्याच मोजायचे."

मागच्या महिन्यात एका ड्रायव्हरनं जीप नाल्यात घातली. परवा तो पुन्हा स्टँडवर आला, तर त्याच्या गाडीत कुणी बसेना. पंक्चरवाल्यानं हात पुसले, दुकान बंद केलं आणि तो थेट पुढच्या सीटवर जाऊन बसला.

"काहून बसले हो?" मी विचारलं.

"वीस वर्षं झाली, गाडी चालवून राहिला तो. एक शर्यत सोडून देऊ की."

इतके दिवस मला वाटायचं, याचं नुसतं पाठांतर आहे. मीही मागं चढलो.