एक बाइट कमी

ऑफिसात त्यांना सगळे चावीकाका म्हणत. कंपनीची गुप्तलेखनाची लायब्ररी होती, म्हणजे इतर प्रोग्रॅमना आयतं वापरता येईल असं कोडचं गाठोडं. त्यातलं सार्वजनिक चाव्या जपून ठेवायचं काम अकरा वर्षं काकांकडे होतं. काम नीट झालं तर कुणी विचारत नाही, चुकलं तर बोभाटा. अकरा वर्षांत बोभाटा झाला नव्हता आणि काकांची इभ्रत म्हणाल तर तेवढीच होती.

साहेब काकांच्याच हाताखाली तयार झालेला. चावी म्हणजे वक्ररेषेवरचा एक बिंदू, हे काकांनीच त्याला कागदावर रेघोट्या ओढून समजावलं होतं. बिंदूचा आडवा आकडा जपला की उभा त्यावरून काढता येतो. फक्त उभे दोन निघतात, एक सम, एक विषम. खरा कोणता ते सांगायला सुरुवातीला एक जादा बाइट लागतो, त्यात दोन किंवा तीन हा आकडा असतो.

मग दारांची कुलपं करणारं गिऱ्हाईक आलं. त्यांच्या चिपमध्ये जागा बत्तीस बाइटांची, चावी तेहेतीस बाइटांची. पहिला बाइट उडवा आणि सगळ्या सम धरा, असं साहेबाने फर्मावलं. निम्मी कुलपं उघडणार नाहीत, असं काकांनी त्याला तोंडावर सांगितलं. तुम्ही पहिल्यापासून भित्रे, असं म्हणत साहेब हसला आणि चाचणी करून बघा म्हणाला. चाचणीत वर्षानुवर्षं एकच चावी होती, आणि ती सम होती. ती पास होणार हे काकांना पक्कं ठाऊक होतं.

घरी त्यांनी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, दीड वर्ष राहिलंय निवृत्तीला. कशाला वाकड्यात शिरता?"

विषम चावीची चाचणी लिहायला दहा मिनिटं पुरली असती. काकांनी ती लिहिली नाही. बाइट उडवला आणि गप्प बसले.

महिन्याभरात निम्मी माणसं आपापल्या दाराबाहेर ताटकळली. बैठकीत साहेबाने पडद्यावर ते कोड दाखवलं. त्यावर नाव काकांचं.

"मी सांगितलं होतं तुम्हाला," काका म्हणाले.

"मग चाचणी पास कशी झाली, काका?"

काकांकडे याचं उत्तर होतं, पण ते साहेबापेक्षा त्यांनाच जास्त बुडवणारं होतं. शुक्रवारी त्यांचं टेबल रिकामं करून घेतलं. निरोपाचं कुणी नावही काढलं नाही.

सोमवारी साहेबाचा फोन आला. गिऱ्हाईक मोठी चिप घालायला तयार होतं, बाइट परत बसवायचा होता. हे आधी विचारायला कुणाची जीभ झिजली असती, असं काकांच्या अगदी ओठांवर आलं.

"काका, समला दोन की तीन?"

मुद्दाम उलटं सांगावं असं क्षणभर वाटलं. पण चुकीचं काही तोंडातून निघेना.

"समला दोन. विषमला तीन."

"बरं," म्हणून साहेबाने फोन ठेवला.