तिखावाच्या गाळातली ऊपोर

त्या मुलखातली मासे पाळायची तळी रिती करून मासे काढले की ती पुन्हा भरतात. पण पुष्कळ वर्षांनी एखाद्या उन्हाळ्यात तळे मुद्दाम कोरडे ठेवतात. शेत पडीक ठेवावे तसे. तळाचा गाळ ऊन पितो आणि त्यात निजलेले बी डोळे उघडते. यंदा तिखावा तळ्याची पाळी होती. ती वार्ता ऐकताच ब्लाझेनाबाई चर्चमध्ये मेणबत्ती लावून आल्या.

बाईंचा जन्म वनस्पती ओळखण्यात गेला. संग्रहालयात त्या आणि त्यांचे पती ओताकार समोरासमोर बसत, वाळलेली रोपे कागदावर चिकटवीत आणि भांडत. भांडणाचे मूळ होते ऊपोर: ओल्या काठावर पसरणारी, तांदळाच्या कणीएवढ्या पानांची, मोहरीएवढ्या फुलाची वनस्पती. लग्नाच्या वर्षी तिखावा असाच कोरडा होता. तिथे ती दोघांना भेटली खरी, पण बी पिकण्याआधीच पाणी सोडले गेले. बी घोड्याच्या नालेसारखे वळलेले असेल तर जात दुर्मीळ, जेमतेम बाकदार असेल तर नेहमीची. ओताकार म्हणत, दुर्मीळ. बाई म्हणत, नेहमीची.

"तळं उघडू दे, ब्लाझेन्का. कान धरून माफी मागशील."

"उघडू दे तर. तोच गाळ तुझ्या नाकाला फासते की नाही बघ."

दर नाताळला, तळलेल्या कार्प माशाच्या ताटावर हेच बोलणे. संसाराचे मीठ ते हेच. गेल्या हिवाळ्यात ओताकार गेले. वाद मात्र ताटावर तसाच राहिला, आणि ताट एकच.

श्रावणासारखे कोवळे ऊन पडले होते. बाई गाळात गुडघे टेकून बसल्या. काठावरून तळ्याचा राखणदार हिनेक ओरडला, "काय बाई, प्रार्थना करताय? चर्च त्या अंगाला आहे."

"इथला देव बारीक आहे रे. भिंग लागतं त्याला."

"लावा मग लवकर. उद्या सकाळी तळ्यात पाणी सोडायला कालव्याची फळी काढतोय. मासे आणि मालक, दोघेही थांबायला तयार नाहीत."

बाईंनी ऊपोरचे इवलेसे फळ सुईने फोडले. जन्मभर जिंकण्याचा हट्ट धरलेली ती बाई मनोमन विनवीत होती: देवा, आज मला हरव. त्याचे म्हणणे खरे कर. मी कान धरीन, गाळात नाक घाशीन, पण एवढे एक बी नालेसारखे वळव.

भिंगाखाली बी दिसले. जेमतेम बाकदार.

दुसरे फळ, दुसरे रोप. तेच. बाई जिंकल्या होत्या, आणि जिंकलेले सांगायला समोरचे टेबल रिकामे होते. मग त्या गाळात पुढे सरकल्या, आणखी एक रोप उपटले.

हिनेक जवळ आला. "ओळख पटली नाही का अजून?"

"पटली."

"मग आता काय शोधताय?"

"मी कुठे चुकलेय का, ते."

हिनेकने बूट काढले, विजार वर दुमडली आणि तो त्यांच्या शेजारी गाळात बसला.

"दाखवा," तो म्हणाला, "कसलं बी हवंय?"

"घोड्याच्या नालेसारखं," बाई म्हणाल्या, आणि भिंग त्याच्या हाती दिले.