रुखवतातला मनोरा

दिघीच्या लष्करी मेसमध्ये रंगराव स्वयंपाकी म्हणून लागला, तेव्हा त्याची बायको जाऊन वर्ष झालं होतं. दोन वर्षांची शालन त्याने चाकणला थोरल्या भावाच्या, उद्धवरावांच्या पदरात घातली. मेसमागच्या एका खोलीत पोर कशी वाढवणार? महिन्या-दोन महिन्यांनी तो भेटून यायचा. जेवायलाही थांबायचा, पण त्याचं ताट पडवीत वाढलं जाई. मेसमध्ये काय काय शिजतं, ते गावाला ठाऊक होतं. शालन चुलत्याला आबा म्हणायची आणि बापाला दिघीचे दादा.

सत्तावन सालच्या माघात शालनचं लग्न ठरलं. कन्यादान जोडप्याने करायचं, म्हणून उद्धवराव आणि त्यांची बायको कौशल्याबाई बसणार होते. रंगरावने मान हलवली. मग चाचरतच म्हणाला, रुखवतात एक वस्तू माझ्या हातची असू द्या. कौशल्याबाई म्हणाल्या, करा की भावजी, तुमचीच लेक आहे.

त्याच्या हातात एकच गोष्ट अशी होती, की बघणाऱ्याने उभं राहून बघावं. मेसमध्ये नाताळला तो क्रीम पफचा मनोरा रचायचा. एका गोऱ्या साहेबाच्या बाईने फार पूर्वी शिकवलेला. पाणी, लोणी आणि मैदा भांड्यात शिजवून, त्यात अंडी फेटून, लिंबाएवढे गोळे भट्टीत लावले की ते आतून पोकळ फुगतात. पोटात घट्ट कस्टर्ड भरायचं आणि साखरेच्या पाकाने एकावर एक चिकटवत जायचं.

मेसच्या हवालदाराला विचारून त्याने भट्टी वापरली. दीडशे पफ पत्र्याच्या दोन ट्रंकांत कापड घालून भरले आणि आदल्या संध्याकाळच्या एसटीने चाकण गाठलं. सकाळी गोठ्याशेजारच्या छपरीत चूल मांडली. कस्टर्ड शिजवलं, पफ भरले. साखर मधाच्या रंगावर आली, तसा एकेक पफ त्यात टेकवून परातीत उभ्या केलेल्या पत्र्याच्या शंकूभोवती लावू लागला. खाली मोठे, वर लहान. पाक थंड होऊन चालत नाही, त्यामुळे हात थांबवता येत नव्हता. तीन बोटं भाजली. शेवटी उरलेल्या पाकाच्या बारीक तारा काढून त्याने भोवती गुंडाळल्या, तेव्हा मनोरा सोन्याच्या जाळीत ठेवल्यासारखा दिसू लागला.

रुखवताभोवती बायकांची गर्दी झाली. विणलेले रुमाल, लाडवांच्या परड्या सोडून सगळ्या मनोऱ्यापाशीच खिळल्या. रंगराव खांबाआड उभा राहून ऐकत होता. इतक्यात नवऱ्या मुलाची आत्या, गोजाबाई, पुढे आली. घराणं माळकरी. तिने साधेपणानेच विचारलं, "ह्यात काय काय घातलंय?"

त्याला मैदा-साखर म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण खाणाऱ्याला फसवणं त्याला कधी जमलं नव्हतं.

"अंडं हाय," तो खांबाआडून पुढे येत म्हणाला.

कोणी रागावलं नाही. बायका फक्त दोन पावलं मागे सरल्या. उद्धवरावांनी हलक्या आवाजात सांगितलं, बाजूला ठेव. रंगरावने परात उचलून छपरीत नेली. अक्षता त्याने तिथूनच टाकल्या.

वरात निघायच्या आधी शालन एकटीच छपरीत आली. पाया पडली. मनोऱ्याकडे बघत म्हणाली, "दादा, ह्यातलं एक रुमालात बांधून द्या. मी गपचूप खाईन."

त्याचा हात पुढे झाला आणि थांबला. "नको. पहिल्याच दिशी त्यांच्या घरात हे न्हाई न्यायचं."

"मग केलंत कशाला?"

पोरीला त्याने कधी काही करून खाऊ घातलं नव्हतं, एवढंच मनात आलं. पण ते तोंडाने सांगण्याची सवय नव्हती. बाहेरून हाक आली, तशी ती गेली.

उन्हं कलली तशी साखर पाझरू लागली. वरात वेशीपर्यंत पोचवून परतलेले वाजंत्री मांडवाबाहेर उशिरा वाढलेल्या पंगतीत जेवत होते. रंगराव परात घेऊन गेला, आत अंडं आहे हे आधी सांगितलं, आणि प्रत्येकाच्या पत्रावळीवर पफ ठेवत गेला. त्यांनी हसत खाल्ले, पुन्हा मागून घेतले. म्हातारा सनईवाला म्हणाला, "बसा की, तुमीबी खावा."

रंगराव त्याच्या शेजारी मातीत बसला. एक पफ उचलून अर्धा खाल्ला. कस्टर्ड नेहमीपेक्षा चांगलं जमलं होतं. मग ट्रंका उचलून तो दिघीकडे निघाला.