भास्कर बातमीदार होता

मंगळवारी संध्याकाळी सुरतेच्या लिंबायतमध्ये भास्करला ठार मारलं. लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यांत तेव्हा पाळी बदलत होती. बुधवारी सकाळी कॉलेजात आम्हाला हे कळलं. सरांनी हजेरी घेतली नाही.

त्याला काही आठवडे झाले. एवढे दिवस मी लिहायचं टाळत होते, कारण भास्करबद्दल लिहायचं तर एका शब्दापासून सुरुवात करावी लागते, आणि तो शब्द लिहिताना अजून हात थांबतो. पण ही मराठी पुरवणी छापल्याच्या दुसऱ्या दिवशी भुसावळच्या गाडीने सुरतेच्या उधना स्टेशनावर उतरते आणि तिथून लिंबायतच्या गल्ल्यांमध्ये जाते. भास्करच्या गल्लीतही ती वाचली जाते. म्हणून लिहिते आहे.

आमचं कॉलेज तापीपासून फार लांब नाही. लहान आर्ट्स कॉलेज, आणि त्यात पत्रकारितेचा वर्ग त्याहून लहान. ग्रंथालयाला लागून एक खोली आहे, पूर्वी तिथे भूगोलाचे नकाशे ठेवत. अजूनही भिंतीवर त्यांचे खिळे आहेत. वर्गात मराठी आम्ही दोघंच. माझे वडील बँकेत, बदलीवर सुरतेला आलेले. भास्करचे वडील धुळ्याकडून पोटासाठी आले आणि लूमवर लागले. तो घरी अहिराणी बोलायचा, शाळा गुजराती झाली होती, रिक्षावाल्याशी हिंदी, आणि माझ्याशी बोलताना मात्र जपून, पुस्तकातलं मराठी. मी सारखी ग्रंथालयात असते म्हणून मला तो ‘लायब्ररीबेन’ म्हणायचा. पहिल्या दिवशी सरांनी प्रत्येकाला उभं करून विचारलं, इथे कशासाठी आलात? भास्कर घाबरला होता. घरात जो शब्द रोज ऐकायचा तोच तोंडातून गेला. “सर, मारे बातमीदार थवुं छे.” मला बातमीदार व्हायचंय.

वर्ग खो खो हसला. मला काहीच कळेना. आपल्याकडे बातमी देणारा तो बातमीदार, यात हसण्यासारखं काय? सर मात्र हसले नाहीत. म्हणाले, “भाई, बातमीदार तो पोलीसनो होय. तमारे पत्रकार थवुं छे.” गुजरातीत बातमी म्हणजे पोलिसांच्या कानात सांगितलेली गोष्ट, आणि बातमीदार म्हणजे ती सांगणारा, खबऱ्या. भास्करला हे पक्कं माहीत होतं, गुजराती शाळेतच शिकला होता तो. कान लाल झाले, मग तोही हसायला लागला. “आमचे आप्पा गल्लीभर हेच सांगत सुटलेत,” तो मला बाहेर आल्यावर म्हणाला, “लोक मला कधीतरी चोपणार बघ.” आम्ही दोघंही हसलो होतो.

त्याने घरी जाऊन वडिलांना समजावलं. ते सगळं त्याने मला दुसऱ्या दिवशी आवाज काढून करून दाखवलं. “आप्पा, बातमीदार नका म्हणू. पत्रकार म्हणा.” त्यावर आप्पा म्हणाले होते, “पत्रकार? तू काय पत्रा ठोकस का रे?” खानदेशातल्या मराठी शाळेत ते चार इयत्ता शिकले होते. त्यांच्या गावी तालुक्याहून एक बातमीदार यायचा, पांढऱ्या कपड्यांत, सायकलवर, आणि पाटीलसुद्धा त्याला खुर्ची द्यायचे. आपला मुलगा तो होणार, हे त्यांना त्याच शब्दात सांगायचं होतं. लूमच्या खडखडाटात आयुष्य गेलेल्या माणसाला ऐकू कमी येतं, त्यामुळे तो बोलतोही मोठ्याने. ते चहाच्या टपरीवर बोलले की अर्धी गल्ली ऐकायची.

सुरतेत चौऱ्याण्णव साली प्लेग आला, त्यानंतर सगळं शहर घासून पुसून काढलं गेलं होतं. पण भास्करची गल्ली इतकी अरुंद की सफाईची गाडी तोंडापाशी येऊन वळायची आणि आतली गटार तशीच राहायची. सरांनी सांगितलं होतं, लांबच्या गोष्टी लिहू नका, आपल्या दारासमोरचं लिहा. भास्करने गटारीवर लिहायचं ठरवलं. आठवडाभर तो कोपऱ्यावर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होता... इथे कोण कोण राहतं, मागच्या बाजूला काय आहे, तिथून रस्ता निघतो का? गाडीला दुसरीकडून वाट मिळते का, ते त्याला बघायचं होतं. मागच्या बाजूला दारूचा अड्डा होता. गुजरातेत दारूबंदी आहे, तरी असे अड्डे आहेत, आणि ते कुठे आहेत हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. अड्डा चालवणाऱ्याचा भाऊ राजू शाळेत भास्करच्या बाकावर बसलेला. तो एकदा आडवा आला. “शुं जुए छे, भास्करिया?” काय बघतोस? भास्कर म्हणाला, “गटार.” राजू म्हणाला, “गटारमां शुं जोवानुं?” गटारीत काय बघायचं? आणि दोघे हसले. निदान भास्करला तरी वाटलं, दोघे हसले.

सरांनी तो मजकूर एका छोट्या गुजराती सायंदैनिकाला दिला आणि तो छापून आला. दोन-तीन दिवसांनी सफाईवाले हातगाड्या घेऊन आत आले, गटार उपसली. आप्पांचा आनंद मावेना. टपरीवर उभं राहून ते प्रत्येकाला सांगत होते, “मना पोऱ्यानी बातमी दिन्ही, म्हनीसन ह्या लोके उनात!” माझ्या पोराने बातमी दिली म्हणून ही माणसं आली. पुढच्या आठवड्यात पोलीस आले. अड्ड्यावर छापा पडला, पिंपं फोडली, राजूच्या भावाला धरून नेलं. आप्पांचं वाक्य गल्लीत अजून ताजं होतं. पोराने बातमी दिली म्हणून ही माणसं आली... त्यातली ‘ही माणसं’ कोण, हे आता ज्याने त्याने आपापलं ठरवलं.

त्यानंतरचे दिवस मी भास्करच्या तोंडून ऐकले, तेही तुकड्यातुकड्यांनी. आधी टपरीवाल्याने त्याला चहा द्यायचं बंद केलं. दूध संपलं म्हणायचा, आणि पाठोपाठ आलेल्याला द्यायचा. मग रिक्षातली पोरं ओरडायला लागली, “ए बातमीदार, आजे शुं बातमी आपी?” आज काय बातमी दिलीस? भास्कर पहिल्यांदा हात हलवून हसला. मग एका सकाळी त्याच्या दारावर कोळशाने कोणीतरी तोच शब्द लिहिला, गुजराती लिपीत. आप्पांना गुजराती वाचता येत नव्हतं. त्यांनी विचारलं, काय लिहिलंय रे? भास्करने सांगितलं, पोरांचा चाळा आहे. आईने ओल्या फडक्याने पुसलं. कोळसा पुरता गेला नाही.

आमची शेवटची भेट ग्रंथालयातली. त्या दिवशी तो मला लायब्ररीबेन म्हणाला नाही. मी म्हटलं, “थोडे दिवस गावी जाऊन ये.” तो म्हणाला, “गेलो तर खरंच ठरेल. पळाला म्हणतील. आणि आईला कुठे नेऊ? तिला तिथेच राहायचंय.” त्याने खिशातून छापलेल्या मजकुराचं कात्रण काढलं. घड्यांवर ते फाटायला आलं होतं. “राजूला वाचून दाखवतो. त्याला वाचता येतं, माझ्याच बाकावर होता. यात अड्ड्याचं एक अक्षर नाही. गटारीशिवाय काही नाही.” मी म्हटलं, सरांना बरोबर घेऊन जा. “सर आले तर म्हणतील, साहेब लोक घेऊन आला. मी एकटाच जातो. पाळी बदलते तेव्हा जातो, तेव्हा रस्ता माणसांनी भरलेला असतो... काही होणार नाही.”

रस्ता भरलेलाच होता. पाळी सुटलेले शेकडो लोक तिथून जात होते. राजू आणि त्याच्याबरोबरच्या दोघांना पोलिसांनी नंतर धरलं, पण पाहिलं म्हणणारा एकही माणूस पुढे आला नाही. तिथल्या एका माणसाने जे ऐकलं ते भास्करच्या आईला हळूच सांगितलं, आणि आपलं नाव कोणाला सांगू नकोस म्हणून तिला शपथ घातली, असं ती मला म्हणाली. त्या माणसाची मी काही ओळख देत नाही. भास्कर म्हणत होता, “वांच तो खरो. एक वार वांच.” आधी वाच तर. एकदा वाच.

अंत्ययात्रेला आमचा वर्ग होता, कॉलेजचे शिपाई होते, आप्पांच्या कारखान्यातले थोडे लोक होते. गल्लीतली दारं लावलेली होती. तेराव्यानंतर आप्पा एकटेच पोलीस ठाण्यात गेले आणि त्यांनी साहेबांना सरळ विचारलं, माझा मुलगा तुमचा माणूस होता का? साहेबांनी खुर्चीवर बसवून सांगितलं, नाही, आम्ही त्याला ओळखतही नव्हतो. आप्पा ते दारोदार सांगत फिरले. लोकांनी ऐकून घेतलं, मान हलवली. आणि आत जाऊन एकमेकांना म्हणाले, पोलीस दुसरं काय म्हणणार?

मी भेटायला गेले तेव्हा आप्पा खाटेवर बसले होते. म्हणाले, “तो सांगे, आप्पा, पत्रकार म्हना.” तो शब्द त्यांनी एकेक अक्षर सांभाळत उच्चारला. पण बातमीदार म्हणताना ते चुकीचं बोलले नव्हते. आपल्या भाषेत भास्कर बातमीदारच होता. त्याने दारासमोरची गटार पाहिली, माणसांना विचारलं, जे खरं ते लिहिलं आणि खाली स्वतःचं नाव घातलं. खबऱ्या नाव घालत नाही. गल्लीत ही पुरवणी वाचणाऱ्यांनी निदान एवढ्या एका गोष्टीचा विचार करावा.

मी अजून अधूनमधून तिकडे जाते. गटार वाहती आहे. सकाळी सार्वजनिक नळाला पाणी येतं आणि बायका रांग लावतात. भरलेला हंडा डोक्यावर चढवायला शेजारची बाई हात लावते. अनोळखी बाईलाही लावते. भास्करच्या आईच्या हंड्याला कोणी हात लावत नाही. ती आता हंडा अर्धाच भरते, आणि एकटी उचलून घरी नेते.