जबाबातली विळ्याची ओळ

मार्चमधली गोष्ट. वाशिम जिल्ह्यातल्या एका सरकारी ऑफिसात मी टायपिस्ट होते, आणि तिथे एका मृत्यूची दंडाधिकारी चौकशी चालू होती. आता रिटायर झालेय म्हणून लिहितेय... नावं मात्र लिहिणार नाही.

गेलेला माणूस तिशीतला शेतमजूर. मोटारपंप चोरल्याचा संशय होता. पोलीस पकडायला गेले तेव्हा तो गव्हाच्या शेतातून पळाला आणि फौजदारांच्या गोळीने जागीच गेला. तो विळा घेऊन अंगावर आला, म्हणून जीव वाचवायला गोळी झाडली, असं पोलिसांचं म्हणणं.

पहिला जबाब त्याच्या बायकोचा. मानोऱ्याकडच्या खेड्यातून दोन एसट्या बदलून आली होती. चौकशी करणाऱ्या साहेबांनी पाणी दिलं, तर ग्लास तसाच हातात धरून बसली.

"सायेब, पंप चोरला तर किती वर्सं आत टाकतेत?"

"तीन वर्षांपर्यंत."

तिने ग्लास टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "तीन वर्सं मी वाट पाह्यली असती."

माझे हात थांबले...

साहेबांनी तिला कायदा सांगितला. पळणाऱ्याला पकडायला पोलीस गरजेपुरतं बळ वापरू शकतात. पण ज्याच्यावर फाशी किंवा जन्मठेपेच्या शिक्षेचा गुन्हा नाही, त्याला पकडताना त्याचा जीव घेता येत नाही. पोलिसांच्याच जिवावर बेतलं असेल, तर गोष्ट वेगळी.

म्हणजे सगळं त्या विळ्यावर येऊन अडलं होतं.

दुसऱ्या दिवशी पोलिसांचे जबाब झाले. सगळे सारखेच... शब्दसुद्धा तेच. शेवटी आला तो पन्नाशीचा एक हवालदार. त्यानेही तेच सांगितलं, मी प्रिंट काढून त्याच्यापुढे ठेवली.

सही करायच्या आधी त्याने चष्मा लावला आणि वाचत बसला. इतरांपैकी कोणीच वाचलं नव्हतं.

"मॅडम, इळ्याची ओळ काढा."

साहेबांनी मान वर केली. "म्हणजे?"

"इळा नव्हता, सायेब. गव्हाले पाणी देलेलं होतं, चिखल होता. चपला हातात घेऊन पयून राह्यला होता तो. पाठ होती आमच्याकडं."

"आधी तुम्ही वेगळं लिहून दिलंय. याचा परिणाम माहीत आहे ना?"

"माहीत हाय. पण तवापासून घास उतरत नाही. लिहून घ्या."

मी ती ओळ खोडली आणि तो सांगेल तसं टाइप केलं. त्याने प्रत्येक पानावर सही केली. बाहेर आला तेव्हा त्याच्या लोकांची जीप निघून गेली होती. टोपी काखेत धरून तो पायीच स्टँडकडे गेला...

चौकशीत गोळीबार बेकायदा ठरला. फौजदारांवर गुन्हा दाखल झाला, अजून तारखा चालू आहेत. हवालदाराची बदली लांब झाली. ठाण्यात त्याच्याशी कोणी बोलत नाही, असं कानावर आलं.

त्या बाईचा नवरा काही परत येणार नाही. पण तो कोणाच्या अंगावर धावून गेला नव्हता, एवढं तरी आता कागदावर आहे. एका माणसाने सही करण्याआधी वाचलं म्हणून... त्याला मी त्या दिवशी चहासुद्धा विचारला नाही. आज इथे त्याचे आभार मानते.