स्टेअरिंगची चिंधी

सोमेश काहीतरी विसरणार, ही काळजी संयोगिताबाईंच्या मनातून कधी गेलीच नाही. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी तो परीक्षेचा फॉर्म भरायलाच विसरला आणि शिक्षण तिथंच सुटलं. बी.ए. झालेल्या आईनं तेव्हा चार दिवस कुणाशी बोलणं टाकलं होतं.

उद्यमनगरातल्या पिराजी मिस्त्रींनी त्याला हाताखाली घेतलं. तिथंही पहिल्याच महिन्यात इंजिनखालच्या चेंबरचा नट आवळायचा राहिला आणि नवं तेल सगळं फरशीवर. मिस्त्री ओरडले नाहीत. खिशातली चिंधी त्याच्या हातात देऊन म्हणाले, "इसरणं गुन्हा न्हाय. इसरतोय हे ठावं असून गाठ न मारणं, ह्यो गुन्हा."

तेव्हापासून अर्धवट राहिलेल्या प्रत्येक कामाला सोमेशची चिंधी. घरचा मिक्सर उघडला तरी बटणाला चिंधी. "लग्नात नवरीला बी बांधशील की रं," शेजारच्या झुंबरबाई म्हणायच्या.

२००३ साली त्यानं स्वतःचं गॅरेज काढलं. पहिलं मोठं काम हंबीररावांच्या ॲम्बेसेडरचं. दोन महिने खपून त्यानं इंजिन उतरवून नव्यानं बांधलं. खंडेनवमीला पाच वाजता चावी हंबीररावांनी फिरवायची, असं ठरलं. आदल्या संध्याकाळी संयोगिताबाईंच्या समोरच त्यानं हंबीररावांना बजावलं होतं, "आबा, आत तेल न्हाय अजून. चेंबरचं पॅकिंग वाळू दे. उद्या तेल घालतो, आधी कॉईलची वायर काढून नुसता स्टार्टर मारतो, म्हंजी इंजिन पेटत न्हाय, नुसतं फिरतं. तेल वरपातूर चढलं की लाल दिवा इझतो. तवर स्टेअरिंगला चिंधी हाय. चिंधी दिसली तर चावीला हात लावायचा न्हाय."

"आन सुटल्याली दिसली तर?"

"मग गाडी तुमची की."

नवमीच्या दुपारी संयोगिताबाई नैवेद्य आणि झेंडूचे हार घेऊन गॅरेजवर गेल्या. सोमेश तेल आणायला गेला होता. त्यांनी पान्यांना हळदकुंकू वाहिलं, बॉनेटवर फुलं ठेवली. स्टेअरिंगला काळं मेणचट फडकं लोंबत होतं. सणासुदीला हे कसलं, म्हणून त्यांनी ते सोडून ताटात टाकलं आणि तिथं हार बांधला.

घरी येऊन ताट घासायला काढलं, तर हळदीच्या वाटीखाली चिंधी. दुहेरी गाठीची वळी अजून तशीच होती. सोमेशचं कालचं बजावणं त्यांना आत्ता आठवलं.

साडेचार झाले होते. पाचचा मुहूर्त म्हटल्यावर हंबीरराव पावणेपाचलाच हजर होणारा माणूस. सोमेश तोवर परतला नसला, तर ते हार बघतील, हसतील आणि बसून चावी फिरवतील. कोरडं इंजिन क्षणात धरेल, आतून जाम होईल. मग सगळं उद्यमनगर एकच म्हणेल, सोमेश विसरला. आणि सोमेशलाही तेच खरं वाटेल.

गॅरेजवर फोन नव्हता. निरोप शेजारच्या आण्णांच्या लेथच्या वर्कशॉपवर द्यावा लागे. "आई, तिथं फोन करून हे केलंस का, ते केलंस का, विचारू नकोस. सगळे हसतात," सोमेश म्हणाला होता. तीन महिने त्यांनी तो शब्द पाळला होता.

त्यांनी ओले हात पदराला पुसले. आधी आण्णांना गाडीची चावी काढून घ्यायला सांगायचं. मग हंबीररावांच्या देखत मोठ्यानं म्हणायला लावायचं, की पोरानं गाठ मारली होती, आईनं सोडली. हसू देत.

त्यांनी रिसीव्हर उचलला.