किमान एक महिला

पशुविज्ञान महाविद्यालयातल्या प्रत्येक समितीवर किमान एक महिला सदस्य असलीच पाहिजे, असा नियम निघाला तेव्हा बाईंना मनापासून आनंद झाला. तो आनंद त्यांना पुढे एकोणीस वर्षं पुरवून पुरवून वापरावा लागला. कारण नियम आला, पण त्याच्या पाठोपाठ बायका काही आल्या नाहीत. अख्ख्या विभागात कायम नोकरीतली बाई एकच आणि समित्या सतरा. त्या गेल्याशिवाय सभा सुरूच व्हायची नाही. कचेरीतल्या कारकुनांनी त्यांना 'किमानबाई' असं नाव ठेवलं. ते कानावर आलं तेव्हा बाई हसल्या. हसण्यावारी नेलं नाही तर आपणच खडूस ठरतो, हे त्यांना नोकरीच्या पहिल्याच वर्षी कळून चुकलं होतं.

त्यांचं खरं काम गोठ्यात होतं. जन्मल्यावर पहिल्या दोन तासांत वासराच्या पोटात किती चीक गेला, आणि तीच कालवड पुढे व्याली की किती दूध देते, हे त्या मोजत होत्या. आज जन्मलेल्या वासराचं उत्तर तीन वर्षांनी मिळणार, म्हणजे कामाला धीर हवा. धीर बाईंकडे भरपूर होता, वेळ नव्हता. वासरू काही सभेची विषयपत्रिका बघून जन्माला येत नाही. ऐन सभेत गोठ्यावरच्या मावशींचा फोन यायचा.

"बाई, तांबडीच्या वासराचे पाय दिसायला लागलेत. येताय ना?"

"अर्ध्या तासात सुटते मावशी."

"ते कुठलं थांबतंय तोवर? मी पाजू का?"

"पाजा. किती प्यालं तेवढं बघून ठेवा."

मावशी पाजत. पण एका हातानं ओलं वासरू धरायचं आणि दुसऱ्या हातानं त्याच्या रक्ताचा नमुना घ्यायचा, हे एकट्या माणसाचं काम नव्हे. वासराचं पोट भरायचं, बाईंच्या वहीतला रकाना रिकामा राहायचा. तिकडे सभेत चहा यायचा, बिस्किटं यायची, आणि वर्गातले पंखे कुणी बदलायचे यावर दोन तास काथ्याकूट चालायचा. इतिवृत्तात बाईंच्या वाट्याला दोन शब्द येत: महिला उपस्थित.

नवरा शाळेत गणित शिकवायचा. तो एकदा म्हणाला, "तुझा एक रबरी शिक्का करून घे आणि तोच पाठवत जा."

"शिक्का चालत नाही. विचारून झालंय," बाई म्हणाल्या. दोघं हसली.

त्यांनी नकार दिलाच नाही असं नाही. एकदा डीनसाहेबांना तोंडावर सांगितलं, की या आठवड्यात तीन गाई व्यायच्या आहेत, मला निवड समितीला यायला जमायचं नाही. साहेब गोड बोलायचे. म्हणाले, "बघा बुवा. तुम्ही आला नाहीत तर निवडच रद्द होईल, आणि यादीत दोन मुली आहेत." बाई गेल्या. त्या दोघींपैकी एकही लागली नाही, आणि तिन्ही वासरांच्या नोंदी बुडाल्या.

निवृत्तीला चार वर्षं उरली असताना प्राध्यापकाची जागा निघाली. अशी जागा दहा-बारा वर्षांतून एकदा निघते, म्हणजे बाईंसाठी ही शेवटचीच. ती मिळाली तर कळप त्यांच्या ताब्यात येणार होता आणि चिकाचं काम तडीस जाणार होतं. दुसरा उमेदवार त्यांच्याच बरोबर लागलेला चाऱ्याचा तज्ज्ञ. त्याच्याकडे समित्या दोन आणि छापलेले निबंध बाईंच्या तिप्पट.

मुलाखतीला महिला सदस्य म्हणून ग्रंथालयातल्या बाईंना उसनं आणलं होतं. त्या बिचाऱ्या खाली मान घालून बसल्या. बाहेरून आलेल्या परीक्षकानं बाईंची वही उलटून पाहिली.

"एकशे वीस वासरांपैकी त्रेचाळीस वासरांच्या नोंदी नाहीत. असं का?"

"त्या वेळी मी सभांना होते."

"कुणाच्या सभांना?"

बाईंनी डीनसाहेबांकडे पाहिलं. एक वाक्य, फक्त एक वाक्य हा माणूस बोलेल, असं त्यांना अगदी आतून वाटलं. साहेब पेनाचं टोपण लावत होते, काढत होते.

"इथल्याच," बाई म्हणाल्या.

परीक्षक भला माणूस होता. "मी समजू शकतो," तो म्हणाला, "पण गुणांच्या तक्त्यात सभांना रकाना नाही." धड राग काढावा असंही त्या खोलीत कुणी नव्हतं, आणि याचाच बाईंना फार राग आला.

जागा चाऱ्याच्या तज्ज्ञाला मिळाली. तो स्वतः बाईंच्या खोलीत येऊन, उभ्या उभ्याच बोलला. चिकाचं काम चालू ठेवलं असतं, पण गोठ्याच्या त्या बाजूला त्याला चाऱ्याची चाचणी लावायची होती, आणि जागा तेवढीच होती. बाईंच्या कालवडी विकायचं ठरलं. घरी आल्यावर त्यांनी नवऱ्याला एवढंच सांगितलं, की मला आज जेवायला उठवू नकोस.

पुढच्या सोमवारी कचेरीतून फोन आला. कालवडींच्या लिलावाला समिती नेमली आहे, अकरा वाजता गोठ्यावर या, तुमच्याशिवाय सुरू करता येत नाही.

बाई गेल्या. कालवडी धुऊनपुसून ओळीनं बांधल्या होत्या. घेणारे येऊन कास बघत होते, दात बघत होते. मावशी एका गाभण कालवडीपाशी उभ्या होत्या.

"बाई, ही तर महिन्याभरात विते. हिचं दूध मोजायचं होतं ना आपल्याला?"

"हो."

"मग महिनाभर थांबवा की. तुम्ही समितीत आहात ना?"

"मी आहे, मावशी," त्या म्हणाल्या, "पण नुसती आहे."

कारकुनानं कागद पुढे केला आणि कुठं सही करायची तिथं बोट ठेवलं. बाईंनी सही केली, आणि लिलाव सुरू झाला.